धाव चढली त्या सकाळची साक्ष

डाव्या हाताची तीन बोटं लाकूड तासायच्या वाकसाखाली गेली, त्यानंतर सात आठवडे मी प्रभूशी धड बोललो नाही. प्रार्थना करत होतो, पण ती प्रार्थना कसली, भांडणच. मी त्याला म्हणायचो, तू स्वतः सुतारकाम केलंस, सुताराचा हात काय असतो ते तुला ठाऊक. मग एखाद्या वकिलाची बोटं घ्यायची होतीस, तो तर जिभेवर जगतो. देवाशी असं बोलू नये हे मला कळतं. पण बायबलातला ईयोबही सगळं गमावल्यावर बोललाच होता, आणि त्याला बिचाऱ्याला चाकं करायची नव्हती.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पनवेलात बैलगाडीची चाकं करणाऱ्यांची आमची अख्खी ओळ होती, आणि त्या ओळीत ख्रिस्ती घर माझं एकट्याचं. माझी चाकं कशी असत हे सांगायला लागलो की आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक हसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. एकदा एक चाक माझ्या हातून सुटलं ते एकटंच करंजाड्यापर्यंत गेलं आणि वाटेत दोन बैलगाड्या मागं टाकल्या. हे जरा वाढवून सांगितलं. पुढचं वाढवत नाही, कारण वाढवायला त्यात जागाच नाही.

बोटं गेल्यावर लोकांनी मला वाळीत टाकलं असतं तर मी सोसलं असतं. त्यांनी माझी कीव केली. शेजारून शिरा येई, पेज येई, आणि त्याबरोबर उसासे येत. इतके उसासे, की माझ्या भात्याला वेगळा वारा लागू नये. त्यातच पुण्याहून मेव्हण्याचं पत्र आलं. तो शाळामास्तर. 'ताई, दोघंही इकडे या. एक खोली रिकामी आहे. दाजींनी आता आराम करावा.' माझ्या बायकोनं, मार्थानं, पत्र दोनदा वाचलं आणि ट्रंक खाली काढली.

"आराम मेल्यावर," मी म्हटलं.

"मग काय करणार तुम्ही?"

"चाक."

"एका हातानं?"

"दीड म्हण."

ती हसली नाही. म्हणाली, "महिना देते. एक चाक पुरं करा, धाव चढवून. नाहीतर निघायचं, आणि मग कुरकुर करायची नाही." म्हणजे हरलो तर उरलेला जन्म मेव्हण्याच्या खोलीत, त्याच्या मुलांच्या पाट्या पुसत. मी कबूल झालो.

ते चाक मी कसं केलं ते प्रभूला आणि माझ्या दातांना माहीत. आरे गुडघ्यांत धरले, हनुवटीखाली धरले, एक तर तोंडात धरून तासला. त्या दाताला अजून बाभळीची चव आहे. महिन्याच्या शेवटच्या सकाळी चाक दारात आडवं होतं आणि राहिली होती फक्त धाव.

धाव म्हणजे चाकाची लोखंडी कडी. ती मुद्दाम चाकापेक्षा जरा लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल झाली की फुगते. तिघांनी सांडस लावून ती उचलायची, चाकावर बसवायची, ठोकायची, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं आणि सारं चाक आवळून धरतं. हे एकट्याचं काम नाही. म्हणून आमच्या ओळीत रिवाज होता. कुणाच्याही दारात आग पेटली की बाकीच्यांनी हातातलं काम टाकून सांडस घेऊन यायचं. बोलावणं लागत नसे.

मी रस्त्यावर गोवऱ्यांचं रिंगण पेटवलं. कुणी आलं नाही. सगळे आपापल्या ओट्यावर बसून बघत होते. ओळीतले सगळ्यांत जुने, धोंडू मिस्त्री, तेवढे उठून आले.

"मीच नको म्हटलंय सगळ्यांना," ते म्हणाले. "तुझ्या हातून धाव निसटली तर कुणाचा तरी पाय जाईल. आम्ही आलो नाही की तू आपोआप थांबशील. तुझ्या भल्याचंच आहे."

"मी थांबेन, मिस्त्री. आग कशी थांबेल?"

"विझेल," ते म्हणाले आणि परत ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्यांदा तापवायला गोवऱ्या नव्हत्या. धाव लाल झाली. मी उजव्या हातात सांडस धरून प्रभूला म्हटलं, निदान एक माणूस पाठव. तुझ्या-माझ्या धंद्यातलाच पाठव. नसेल पाठवायचा तर मी एकटा उचलतो, आणि जळका पाय घेऊनच पुण्याला जातो. ही काही शरण गेलेल्याची प्रार्थना नव्हती. धमकीच होती.

"आरं ए, रस्ता काय तुज्या बापाचा हाय?"

मागे डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली एक कोळीण उभी होती. आवाज असा, की तळोज्याची कुत्री जागी व्हावीत.

"ही आग कवा निघायची हितून?"

"माणसं आली की."

तिनं ओट्यांकडे पाहिलं. "आन ही बसल्यात ती कोन?"

ती सरळ धोंडू मिस्त्रींकडे गेली आणि टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. "मांजर आला तं हाकल, बाबा." मग पदर खोचून आगीजवळचे दोन सांडस उचलले. एक स्वतः घेतला, दुसरा दारातल्या मार्थाकडे केला. "तू पन ये गो. आमी होड्या वढतो, ही तं बांगडी हाय."

मार्था माझ्याकडे बघत होती. सकाळपासून ती ट्रंकेत कपडे भरत होती. तिनं सांडस घेतला.

तिघांनी धाव उचलली. माझं टोक डगमगलं तेव्हा कोळणीनं तिच्या बाजूनं तोल सावरला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. धाव बसली. मी घण घातले. धूर उठला, लाकडानं पेट घेतला, आणि पाणी ओतायला कुणाचा हात मोकळा नव्हता. तेव्हा मांडीवरची टोपली बाजूला ठेवून पहिला हंडा धोंडू मिस्त्रींनीच ओतला. मग सगळी ओळ धावली. चाक करकरलं, आणि एकेक आरा आपल्या जागी आवळला गेला.

मिस्त्रींनी चाकावर हातोडी वाजवून पाहिली. "घट्ट बसली," ते म्हणाले. "पण हे बायकांचं काम नाही."

"मग तुम्ही यायचं होतं, मिस्त्री," मार्था म्हणाली. संध्याकाळी तिनंच भावाला लिहिलं, की आम्ही येत नाही.

पुढच्या आठवड्यात बाजारात मी त्या बाईला शोधून काढलं. हिराबाय तिचं नाव. मी म्हटलं, "मी प्रार्थना केली आणि तू आलीस." ती म्हणाली, "तुजी परार्थना माला काय ठावं? बाजाराची येल टलत व्हती, तुज्या आगीनं वाट आडवली व्हती." आणि मला वीस बोंबील घ्यायला लावले.

मंडळीत ही साक्ष दिली तेव्हा कुणी म्हणालं, ती देवदूतच. मी एरवी एकाचे दहा करतो, पण तिला पंख लावायला माझी जीभ वळली नाही. ती बाजाराला निघालेली बाई होती आणि तिच्या अंगाला सुकटीचा वास होता. मी सुतार मागितला होता. पण प्रभूनं आपली माणसं, आपले पहिले शिष्य, गोळा केले तेव्हा तरी तो सुतारांच्या ओळीत कुठं गेला? तो पाण्याकाठी, जाळी ओढणाऱ्यांकडे गेला. लहानपणापासून हे वाचत आलो, आणि कळायला तीन बोटं जावी लागली.

ती बोटं काही परत आली नाहीत, आणि त्यावरून प्रभूचं आणि माझं अजून अधूनमधून वाजतं. पण आभार मानल्याशिवाय मी वाकस उचलत नाही. शरण जाणं म्हणजे हात टाकून बसणं, अशी माझी समजूत होती, म्हणून मी शरण जायला भीत होतो. आता एवढंच जाणतो, की आपलं टोक आपण घट्ट धरायचं आणि दुसऱ्या टोकाला कुणाला आणायचं ते प्रभूवर सोडायचं. आजही कुणाला माझी कीव आली तर त्यानं खुशाल यावं. फक्त येताना सांडस घेऊन यावं.