मालिकेतले आजोबा आज शुद्धीवर आले

मंडळी, मी मालिका लिहिते हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या मालिकेतले आजोबा तीन आठवडे कोमात आहेत, कारण त्यांचं काम करणारे काका मुलीच्या लग्नासाठी गावी गेलेत. आमच्या धंद्यात मोठी रजा म्हणजे कोमा!

काका उद्या परत येतायत, म्हणून आज आजोबांना शुद्धीवर आणायचं होतं. पण सकाळपासून "मी कुठे आहे?" याच्यापुढे माझी गाडी हलेना. वैतागून मुलुंडच्या बाजारात मासे आणायला गेले.

आमची मासेवाली रोझीमावशी मालिका रोज बघते. मला बघताच सुरू झाली, "काय गं, त्या म्हाताऱ्याशी घरातलं कुणी बोलत का नाय? नुसती रडतात! माझा नवरा असाच पडलेला ना, तेव्हा मी रोज त्याला बाजारातली भांडणं सांगायची. बाराव्या दिवशी डोळे उघडून विचारतो, 'मग जिंकलं कोण?'"

मागे बांगडे साफ करत बसलेला तिचा नवरा शांतपणे म्हणाला, "अजून सांगितलं नाय तिनं."

मी पिशवी तिथेच विसरून घरी पळाले. अर्ध्या तासात सीन पाठवला! आत्ताच दिग्दर्शकाचा फोन येऊन गेला. म्हणाला, "झकास झालाय यार. पण खरंच, जिंकलं कोण?"

उद्या पिशवी आणायला जाईन तेव्हा मावशीला विचारते. तोवर तुम्ही सांगा, तीन आठवडे झोपून उठलात तर घरच्यांना पहिलं काय विचाराल?