रत्नाबाईंची चिनीमाती

पोखर्णीहून परतताना एस.टी.त फोन वाजला. गाडीच्या खडखडाटात रत्नाबाईंच्या प्रज्ञाचा आवाज नीट ऐकू येईना. "मावशी, आई गेली," एवढंच कळलं आणि मी विचारलं, "कुठं गेली?"  मग तिचा हुंदका ऐकू आला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला... दुपारी जेवून जरा आडव्या झालेल्या रत्नाबाई उठल्याच नाहीत. आज दीड महिना झाला. त्या वेड्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

पाथरी रस्त्यावरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही दोघी वीस वर्षं बरोबर होतो. परभणीहून एकाच जीपनं जायचं, एकाच जीपनं यायचं. त्या गणित शिकवायच्या. पोरं त्यांना घाबरायची आणि मधल्या सुटीत त्यांच्याच मागं मागं फिरायची. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच उभी राहिले. बैठकीची अख्खी भिंत जुन्या बशांनी आणि रकाब्यांनी भरलेली. निळ्या वेलबुट्टीच्या, गुलाबाच्या, काठावरची सोनेरी रेघ झिजून गेलेल्या... प्रत्येकीला मागून तारेचा आकडा, स्वतः वळवलेला. खिडकीत लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या, त्यांत मनीप्लँट. तोटी तुटलेल्या किटलीत पेनं. उंबऱ्यापुढच्या पायरीत फुटक्या बशांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले, त्यामुळे पाय ठेवायलाही जीव होईना. हे सगळं भंगारवाल्यांकडून, आठवडी बाजारातून, ओळखीपाळखीच्यांच्या माळ्यावरून गोळा केलेलं. वस्तू हातात आली की त्या नखानं टिचकी मारायच्या. टण्ण वाजली तर भिंतीवर, भद्द वाजली तर पायरीत. पण परत कुठलीच करायच्या नाहीत.

"घर म्हणजे दुकान करून टाकलंत," मी एकदा म्हणाले.

"लोकं स्टील घ्यायलेत अन् हे उकिरड्यावर टाकायलेत, सुमनबाई. आमच्या घरी लहानपणी एक बशी नव्हती. जर्मनच्या वाटीत चहा प्यायचो आमी. आता लय झाल्या, पण मन भरत न्हाई बघा."

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या भावानं गावाकडचं आमचं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं. अडगळीत चिनीमातीची भांडी बरीच होती. मी रत्नाबाईंना म्हटलं, चला, हवं ते उचला. इतर वेळी अशा बोलावण्याला त्या उड्या मारत यायच्या. त्या दिवशी जीपमध्ये गप्प बसून होत्या. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

भावानं पेट्या अंगणात काढून ठेवल्या होत्या. रत्नाबाईंनी एकेक रकाबी पुसली, वाजवली, बाजूला ठेवली. पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि कुणाला न विचारता सरळ गोठ्याकडे गेल्या. मी मागं गेले. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यातल्या जाळ्यांत हात घालून त्यांनी एक कप काढला. कान तुटलेला, काठाला लाल रेघ, आत मातीचा थर.

"हा आमच्या बाबांचा," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. आमच्या मळ्यातली विहीर खणायला शेजारच्या गावाहून एक माणूस यायचा. त्याचा कप गोठ्याच्या देवळीत वेगळा ठेवलेला असायचा. तो घरात यायचा नाही. त्यानंच तो विसळायचा, चहा प्यायचा, परत विसळून देवळीत ठेवायचा. आणि चहा ओतायचं काम माझ्याकडे होतं. आठ वर्षांची असेन. किटली कपाला लागू द्यायची नाही, उंचावरून धार धरायची, हे मला शिकवलेलं होतं. ते मी फार चांगलं करत असे. एक थेंब सांडत नसे. त्या माणसाजवळ कधी कधी त्याची मुलगी उकिडवी बसलेली असायची. तिचा चेहरा मला आठवत नव्हता. तिला माझा आठवत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"शाळेत पहिल्या दिवशी तुमी माहेरचं गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं. तवाच."

"इतकी वर्षं बोलला नाहीत..."

"त्याच दिवशी दुपारी तुमी डबा उघडला अन् माझ्याकडं सरकवला. त्यातनंच जेवलात. मग काय बोलायचं?"

मला तो कप डोळ्यांसमोर नको झाला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "फोडून टाकते." त्यांनी माझं मनगट धरलं. गणित चुकलेल्या पोराचं धरायच्या तसं, घट्ट.

"फोडू नका. फोडला की कुणी त्यातनं प्यायलंच न्हाई, असं होईल. माझ्या बापानं तुमची विहीर खणली. त्याचं एवढंच राह्यलंय."

परतीच्या वाटेवर तो कप त्यांच्या मांडीवर पदरात गुंडाळलेला होता. बाकीच्या रकाब्या त्यांनी नेल्या नाहीत.

पुढं महिनाभर मी त्यांच्या घरी जायचं टाळलं. शेवटी त्यांनीच बोलावलं. काचेच्या कपाटात, बाबांच्या फोटोशेजारी, नजरेला समोर येईल असा तो कप ठेवलेला होता. खाली जाड कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'बाबांचा कप. विहीर खणताना त्यांना यात चहा मिळायचा.' प्रज्ञाला ते आवडलं नव्हतं. असली वस्तू बैठकीत कशाला मांडायची, म्हणून ती आईशी भांडली होती. मीही घाबरतच विचारलं, "आणि कुणी विचारलं, कुणाच्या घरचा, तर?"

"ते मी लिहिलं न्हाई अन् सांगणार बी न्हाई. ते तुमचं हाय. तुमाला वाटलं तर तुमी सांगा."

पाहुणे यायचे, भिंत बघून हरखायचे, मग कपाटापाशी थांबायचे. कुणाच्या घरचा, हा प्रश्न यायचाच. रत्नाबाई म्हणायच्या, "होतं एक घर." मी समोर बसलेली असायची आणि बशीतला चिवडा निवडत राहायची. असं किती वेळा झालं ते सांगायलाही नको वाटतं. मग एके दिवशी प्रज्ञाच्या कॉलेजातल्या दोन-तीन मैत्रिणी आल्या. त्यांतल्या एकीनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या घरचा. त्यात चहा मी ओतायचे. वरून."  रत्नाबाई उठल्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते. सुमनबाई, तुमाला साखर कमीच ना?"

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. बोलायचं राहिलं होतं असंही कधी वाटलं नाही.

जलदान विधी झाल्यावर नातेवाईक पांगले. गेल्या रविवारी मी प्रज्ञाला आवराआवर करू लागायला गेले. घर आहे तसंच ठेवायचं तिनं ठरवलंय. मागच्या मोरीशेजारी वर्तमानपत्रावर एक मोठी रकाबी पडलेली होती. कुठल्याशा चुलीजवळ वर्षानुवर्षं धूर खाल्लेली. अर्धी खायच्या सोड्यानं घासून लख्ख झालेली, त्यावर निळा मोर दिसत होता, म्हणजे त्याचा पिसारा. उरलेली अर्धी काळीकुट्ट. सोड्याची वाटी तशीच, फडकं वाळून कडक झालेलं.

"राहू द्यायची का अशीच?" प्रज्ञानं विचारलं.

मी फडकं भिजवलं. आम्ही दोघींनी आळीपाळीनं घासलं. तासाभरानं मोराची मान निघाली, मग चोच. मी नखानं टिचकी मारली. टण्ण वाजली. रकाबीला मागून आकडा लावलेलाच होता. पण लावायची कुठं? भिंत तर भरलेली. आम्ही बैठकीत उभ्या राहून वरखाली शोधत राहिलो... शेवटी प्रज्ञाला दिसलं. दाराच्या डाव्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर येईल अशा उंचीवर, एक नवा खिळा ठोकलेला होता.