वागियेमचा डावा हात

वागियेमला डाव्या हाताने काही करताना गावात कुणी पाहिलेलं नाही. डाव्याने खाणं, डाव्याने देणं-घेणं तर आमच्याकडे कुणीच करत नाही, पण ही बाई त्या हाताने माशीसुद्धा हाकलत नाही. उभी असली की हात पाठीमागे, बसली की मांडीखाली. नव्याने गावात आलेल्यांना वाटतं, हिचं अंग एका बाजूने वारं जाऊन लुळं पडलंय. वागियेम तसं वाटू देते.

खरं तर ती जन्माची डावरी. सहा वर्षांची होती तेव्हापासून आईशेजारी बसून बाटिकच्या कापडावर वितळलेल्या मेणाचे ठिपके द्यायची. चांतिंग, म्हणजे ती तांब्याच्या बारीक नळीची लेखणी, तिच्या डाव्या हातात अशी चालायची की शेजारणी हातातलं काम टाकून बघायला यायच्या. कुणी नाक मुरडलं की आई म्हणायची, "मेणाला कुठं कळतंय, हात कुठला ते." मेणाला नसेल कळत, माणसांना कळतं. आमच्याकडे पोराला बोलायला यायच्या आधी शिकवतात ते हेच, की द्यायचं-घ्यायचं ते गोड हाताने. गोड हात म्हणजे उजवा. डावा परसाकडचा, धुवायला वापरायचा.

चौथीत असताना शाळेत तपासणीसाहेब आले. चहाचा ग्लास नेऊन द्यायचं काम वागियेमवर आलं. पोर घाबरलेली, ग्लास पुढे केला तो डाव्या हाताने. साहेबांनी घेतलाच नाही. मुर्दियो गुरुजींचं तोंड एवढंसं झालं, आणि साहेब गेल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाची समुद्राची सहल रद्द केली. मुलांनी वर्षभर वाट पाहिली होती त्या सहलीची. पण गुरुजींवर कोण चिडणार? वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

वर्गाची मॉनिटर हर्यांती, मोठ्या घरची, हुशार. दुसऱ्या दिवशी ती स्काउटची दोरी घेऊन आली. "तुझ्या हाताला वळण लावायचंय," म्हणाली, आणि वागियेमचा डावा हात पाठीशी बांधून टाकला. गुरुजींनी पाहिलं. हसले, म्हणाले, बरं झालं, आता तरी शिकेल. मग काय, रोजचाच नेम झाला. वर्ग झाडायच्या पाळ्या भिंतीवर लावलेल्या असत, त्यातच ही एक पाळी वाढली. सोमवारी याने बांधायचा, मंगळवारी तिने. वरून विचारायचं, "काय गं डावरे, धुतलास का?" दोन वर्षं हे चाललं. बांधणाऱ्यांत वागियेमच्या मैत्रिणीही होत्या. पाळी चुकवली तर आपला हात बांधतील, ही त्यांना धास्ती.

सहावीत एकदा मधल्या सुट्टीत तिला मागच्या पेरूच्या झाडाला बांधलं आणि पोरं खेळता खेळता विसरून गेली. घंटा झाली, वर्ग भरले. तिने हाका मारल्या, मग मारायच्या बंद केल्या, कारण तोवर परकर ओला झाला होता. जो पहिला सोडवायला आला त्याने आधी बाकीच्यांना बोलावून आणलं. त्यानंतर वागियेम शाळेत गेली नाही. पोटात दुखतं, असं आईला सांगितलं आणि तेच सांगत राहिली.

घरी चांतिंग हातात घ्यावी, तर दारात नुसती सावली पडली तरी हात आपोआप पाठीमागे जायचा आणि मेण कापडावर सांडायचं. उजव्याने करून पाहिलं. ठिपक्याच्या जागी डाग. शेवटी ती बाटिकच्या कारखान्यात, रंगवून झालेल्या कापडावरचं मेण उकळून काढायच्या हौदावर लागली. सदतीस वर्षं दुसऱ्यांनी रेखलेली फुलं-पाखरं ती उकळत्या पाण्यातून काठीने वर काढते आहे. एवढ्या वर्षांत तिला एकच आधार होता. हात गेलेला नाही, लपलाय, असं ती मानायची. एक दिवस बाहेर काढू.

गेल्या रमजानमध्ये मालकीण म्हणाली, बारीक ठिपक्याच्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, तुझी आई केवढी नावाजलेली, तू बघतेस का जमतंय? वागियेमने नवऱ्याला, पोनिदीला, काहीतरी निमित्त काढून बाहेर धाडलं. दार लावलं, मेण तापवलं, आईची चांतिंग काढली आणि डावा हात पुढे आणला. बोटं नीट मिटेनात. मिटली तर थरथरायला लागली. तीन दिवस तिने दार लावून खटपट केली, एक ठिपका धड पडला नाही. मग तिला कळलं की लपलेलं काही नव्हतंच. त्या दिवशी ती खूप रडली.

ईदला नमाज झाली की आमच्याकडे माफीची रांग लागते. सगळा गाव एकमेकांचा हात हातात घेतो आणि म्हणतो, चुकलंमाकलं माफ कर, वरचंही आणि मनातलंही. समोरचा म्हणतो, माझंही. काय चुकलं ते कुणी विचारायचं नसतं, म्हणूनच रांग भराभर सरकते. हर्यांती आता सरपंचाची बायको, सगळे तिला मानाने बू हर्यांती म्हणतात. दर वर्षी पुढे उभी असते आणि दर वर्षी वागियेमला ते म्हणते. यंदा वागियेमला तेवढ्यावर परत जायचं नव्हतं. तिला एकदा, एकदाच, हर्यांतीच्या तोंडून त्या गोष्टीचं नाव ऐकायचं होतं.

"चुकलंमाकलं माफ कर हं वागियेम, वरचंही आणि मनातलंही."

"कशाबद्दल?" वागियेमने विचारलं.

हर्यांती हसली. "अगं, कशाबद्दल काय? सगळ्याबद्दलच."

"माझा हात बांधायचात तुम्ही. पाळ्या लावून."

रांग थांबली. खोटं का बोला, हर्यांतीने खरंच आठवून पाहिलं. "शाळेत होय? अगं, तो तर खेळ होता आपला. आणि बघ, लागलंच की वळण. इतक्या वर्षांत कुठं डावा पुढे केलास?"

मागच्या बायका हसल्या. तेव्हा वागियेमने पाठीमागचा हात काढला आणि हर्यांतीच्या तोंडासमोर धरला. मारायला नाही, ती वाळकी बोटं बघ, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण ते शब्द ओठांवर यायच्या आतच गलका झाला. ईदच्या दिवशी, सरपंचाच्या बायकोला, डावा हात! हात सगळ्यांनी पाहिला, बोटं कुणीच पाहिली नाहीत. पोनिदीने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि वाकून वाकून माफी मागितली.

ते पुरलं नाही. तिसऱ्या दिवशी मशिदीतले दोन म्हातारे आणि पोनिदी तिला घेऊन हर्यांतीच्या घरी गेले. चुकलंमाकलं म्हणून भागणार नाही, वाटेत म्हाताऱ्यांनी बजावलं, काय केलंस त्याचं नाव घेऊन माफी माग. वागियेम गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी तुमच्यासमोर डावा हात धरला. त्याबद्दल मला माफ करा."

हर्यांतीने लगेच माफ केलं. मनात काही ठेवणाऱ्यांतली ती नाहीच. मग तिने अननसाच्या बिस्किटांची बरणी पुढे केली. वागियेमने एक घेतलं, उजव्या हाताने.