मागं गेलेला कॉम्प्युटर आणि आक्कांचा रस्सा

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला माणसांना विचारायची सवय नाही.

एके दिवशी सकाळी मी तो चालू केला, तर आत सगळं नवीन. स्वतःची नवीन आवृत्ती त्यानं स्वतःच बसवून घेतली होती. डाव्या कोपऱ्यातलं बटण मधोमध येऊन बसलेलं, चित्रं गोलमटोल झालेली, आणि रोज लागणारं सगळं कुठंतरी आत दडवलेलं. माझं घर, माझं टेबल, माझी वीज, आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही. आमचा भाडेकरू भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी वर येऊन विचारतो.

"बटण कुठंबी असू दे की," माझी बायको सुरेखा म्हणाली. "दाबल्याशी कारण."

तिला राग येण्याचं कारण नव्हतं, कारण तिचं काम बिनबोभाट चाललं होतं. तिच्या आईला, म्हणजे हुपरीच्या आक्कांना, पंधरा दिवसांनी ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. आक्कांच्या हातच्या पदार्थांचं छोटं पुस्तक छापायचं आणि वाढदिवसाला एकदम त्यांच्या हातात ठेवायचं, असा सुरेखाचा बेत. त्यासाठी दोन महिने तिनं फोनवर इकडचं-तिकडचं बोलता बोलता एकेक कृती आक्कांकडून काढून घेतली, चिठ्ठ्यांवर उतरवली. मग मागच्या गल्लीत डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या मनीषाला बोलावून आमच्या नव्या झालेल्या कॉम्प्युटरवर छपाईचा मराठी फॉन्ट टाकून घेतला आणि आठ दिवसांत चाळीस पदार्थ टाइप केले. टाइप झालेली चिठ्ठी ती लगेच फाडून टाकायची. (व्यवस्थितपणा हा आमच्या घरातला जुना रोग आहे.)

शेवटचा पदार्थ संपवून ती दोन दिवस इचलकरंजीला बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "शनिवारी फाईल मनीषाकडं छपाईला द्यायचीय. तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका."

मी हात लावणार नव्हतोच. मी फक्त तक्रार करणार होतो.

पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत मी तीस वर्षं लोकांचे अर्ज घेण्यात घालवली आहेत. अर्ज कसा असावा हे मला कुणी शिकवायला नको. तासभर शोधल्यावर कॉम्प्युटरच्या पोटात एक पान सापडलं. त्यावर इंग्रजीत विचारलं होतं, तुमचं कारण काय? खाली लिहायला चौकट. मला बरं वाटलं. उशिरा का होईना, कुणीतरी विचारलं.

मी अस्सल कचेरीच्या इंग्रजीत अठरा ओळी लिहिल्या. बटणाच्या जागेपासून सुरुवात केली आणि नागरिकाच्या हक्कांपर्यंत पोचलो. मग पुढं, पुढं, पुढं असं चार वेळा दाबलं. मधे बरंच बारीक अक्षरात काही आलं होतं, ते वाचलं नाही. (कचेरीत मी लोकांना सांगायचो, वाचल्याशिवाय सही करू नका.) पडदा काळा झाला, मधे एक चक्र फिरायला लागलं. तक्रार मोठी होती, जायला वेळ लागणारच. मी चहा ठेवला.

चहा पिऊन आलो, तर बटण परत डावीकडं. सगळं जुनं, जसंच्या तसं. मी इतका खूश झालो की सुरेखाचं पुस्तक एकदा नजरेखालून घालावं म्हणून तिची फाईल उघडली.

आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. तांबड्या रश्श्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण आणि मधेच एक डॉलर. चाळीसच्या चाळीस पदार्थांची हीच अवस्था. मी फाईल तीन वेळा बंद करून उघडली. चौथ्यांदा देवाचं नाव घेऊन उघडली. काही उपयोग नाही.

कॉम्प्युटर घेतला त्या दुकानाच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला.

"सर, फाईल उघडते का?" पलीकडून एक बाई म्हणाल्या.

"उघडते."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"रस्सा दिसत नाही."

मग त्यांनी मला मशीन बंद करून चालू करायला सांगितलं आणि फोन ठेवला. ही मदत! मशीन बंद करून चालू करायला मला दुकान कशाला पाहिजे?

आता एकच मार्ग होता. सुरेखा यायच्या आत सगळं नव्यानं लिहायचं. मी आक्कांना फोन लावला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आक्का, अख्खा मसूर कसा करता?" त्यांनी सांगितलं. मग मी झुणका विचारला. मग खर्डा. मग कटाची आमटी. सातव्या पदार्थाला आक्का थांबल्या.

"जावईबापू, सुरेखा कुठं हाय?"

"इचलकरंजीला गेलीय, आक्का."

"कवापास्नं?"

"झाला एक दिवस."

"आन् तुमी जेवलासा काय?"

खरं तर मी जेवलो नव्हतो, घाईत राहूनच गेलं होतं. "न्हाई," मी म्हणालो. फोन तिथंच बंद झाला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आक्का हुपरीच्या एसटीनं आल्या. हातात चार कप्प्यांचा डबा. त्यांच्या मागोमाग तासाभरात सुरेखा आली. उंबऱ्यातच आक्कांनी तिला धरलं.

"ह्या माणसाला उपाशी ठिवून बहिनीकडं गेलतीस व्हय गं? फोनवर निस्तं जेवणाचंच इचारत हुतं. आवाज कसा केविलवाणा."

सुरेखानं माझ्याकडं पाहिलं. मी डब्याकडं पाहिलं. तिनं सरळ आत जाऊन कॉम्प्युटर चालू केला आणि फाईल उघडली. मग ती खुर्चीवर बसली आणि तिनं एकेक करून चाळीसही पदार्थ पाहिले. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. दोन महिन्यांचं तिचं काम, आणि ऐंशीच्या आक्का बाहेर पानं वाढत होत्या. त्यांना परत पहिल्यापासून कुठं विचारत बसणार?

सुरेखानं फोन केला तशी मनीषा आली. तिनं दोन मिनिटं पाहिलं.

"काका, फाईल कुठंबी गेली न्हाय. फॉन्ट गेलाय, म्हणून अक्षरं इंग्रजी दिसत्यात. नवीन आवृत्तीनंतर टाकलेलं सगळं तिच्याबरोबर उडलंय. पण मशीन मागं, जुन्या आवृत्तीवर गेलं कसं? आपोआप जात न्हाय."

"मी फक्त तक्रार केली होती," मी म्हणालो आणि अठरा ओळींचं सांगितलं.

"काका, ते तक्रारीचं पान न्हवं. जुनी आवृत्ती परत का पाहिजे, हे विचारत हुतं ते."

म्हणजे माझ्या अर्जावर पाऊण तासात संपूर्ण कारवाई झाली होती. तीस वर्षांत हे मी कुठल्याच अर्जाचं पाहिलं नव्हतं.

तिनं फॉन्ट परत टाकला आणि पडद्यावर एकदम तांबडा रस्सा उमटला. सुरेखानं पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे तर माझंच हाय की."

आक्का चष्मा लावून उभ्या होत्या. लपवायला आता काही उरलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि वाचायला बसल्या. "खोबरं आधी भाजायचं. हे कुनी लिवलंय? आन् ह्यात मीठच न्हाय." संध्याकाळपर्यंत त्यांनी सत्तावीस चुका काढल्या. सुरेखा दुरुस्त करत गेली, मायलेकी हसत गेल्या, आणि मला दर अर्ध्या तासानं फक्त चहा करायला बोलावण्यात आलं.

पुस्तक वेळेवर छापून आलं आणि देखणं झालं. शेवटच्या पानावर सुरेखानं आभार मानले आहेत. आक्कांचे, मनीषाचे, आणि खाली एक ओळ: शेवटचे दोन दिवस कॉम्प्युटरला हात न लावल्याबद्दल आमच्या यजमानांचे विशेष आभार.

त्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक होती. छापायच्या आधी माझ्या ती लक्षातही आली होती, पण तेवढी दुरुस्त करायलासुद्धा मला कुणी त्या खुर्चीवर बसू दिलं नाही.