सासऱ्यांचं खाकरणं

फिनाईलचा वास आला की परभणीच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. ताडकळसहून तापानं फणफणलेल्या सासऱ्यांना आणलं होतं आणि त्यांच्याजवळ मी एकटीच होते. फरशी नुकतीच पुसलेली. लघवीला जायचंय हे सुनेला कसं सांगावं, म्हणून माझी पाठ वळलेली पाहून ते गुपचूप खाटेवरून उतरले. धोतर पायात अडकलं, तोल गेला, आणि पडणार तेवढ्यात सिस्टरनं धावत येऊन त्यांना कमरेला धरलं. "बाबा, आवाज का न्हाई दिला?" त्यांनी मान खाली घातली. सिस्टर खेड्यातलीच असावी, तिला लगेच उमजलं. "घरात शिरताना बायांना कळावं म्हणून खाकरता ना? मग इथं उठायच्या आधी खाकरा. सूनबाई येतील, बोलायचं कामच न्हाई." दुपारी फरशी पुन्हा पुसून झाली आणि ते खाकरले. सवयीनं माझा हात पदराकडे गेला, पण डोकं झाकायचं सोडून मी त्यांचा दंड धरला. माझ्या खांद्यावर भार टाकत ते मलाच म्हणाले, "हळू चाल पोरी, फरशी लय वली हाय." त्या सिस्टरचे उपकार मी विसरलेले नाही. आता ते शेतातून येऊन दारात खाकरतात, तेव्हा माझा हात पदराच्या आधी त्यांच्याकडे जातो.