पुलावरचा म्हातारा

टेस्टला आलेल्या सावंतांनी माउस सोडला, हात मांडीवर ठेवले आणि ते नुसते स्क्रीनकडे बघत बसले. काचेच्या अलीकडे निखिल माझ्या कानाशी पुटपुटला, "सिल्व्हिया, एवढंच सांग त्यांना. म्हाताऱ्याला सोडून पुढे जा म्हणावं."

"नाही सांगता येत."

"माझा इथे जीव चाललाय आणि तू नियम सांगतेस?"

नियम पाळायचाच मला पगार मिळतो. दोहातल्या एका लहानशा गेम कंपनीत मी फर्स्ट इम्प्रेशन टेस्ट घेते. आमचा खेळ ज्यांनी कधी पाहिलेला नाही अशा लोकांना बोलवायचं, खेळायला बसवायचं आणि आपण गप्प बसून बघायचं. ते कुठे हसतात, कुठे अडतात, कुठे कंटाळून फोन काढतात. मदत अजिबात करायची नाही. उद्या खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी मी थोडीच जाणार आहे समजावायला?

खेळ निखिलचा होता. राक्षस, जादू, किल्ले असा सगळा मामला, आणि टर्न-बेस्ड. म्हणजे बुद्धिबळासारखा. आपली माणसं हलवायची, 'एंड टर्न' दाबायचं, मग शत्रू हलणार. घाई नाही, पण एक गोष्ट कडक होती. या खेळात मेलेलं माणूस परत येत नाही. पहिल्याच लेव्हलला लाकडी पूल लागतो आणि मागून राक्षस येतात. ढाल घेतलेला एक म्हातारा सैनिक पुलावर थांबतो, बाकीचे निसटतात, म्हातारा मरतो. इथे खेळणाऱ्याच्या जिवाला चटका लागला पाहिजे, असं निखिल म्हणायचा. मला ते पटलं होतं. ऑफिसातले सगळे तो पूल झटक्यात पार करून गेले होते.

आमचा बॉस बासेल. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की लोकांना पहिली लेव्हल संपवता आली नाही तर इन्व्हेस्टर थांबणार नाहीत आणि प्रोजेक्ट बंद. निखिलची नोकरी आणि व्हिसा दोन्ही त्या प्रोजेक्टवर टांगलेले. नजमा भागातली बॅचलर रूम सोडून त्याने नुकताच एका खोलीचा फ्लॅट घेतला होता. बायको आणि मुलगी साताऱ्याहून यायच्या होत्या. खिडकीला पिवळे पडदे लावून त्याचा फोटोही त्याने मला दाखवला होता.

टेस्टसाठी माणसं बासेलनेच आणली. दोहाबाहेर मेसईद म्हणून कारखान्यांचं गाव आहे, तिथल्या एका प्लांटची कंपनी बस शुक्रवारी दोहात येते, त्यातली.

"सगळे एकाच जागचे नकोत," मी म्हटलं, "मिक्स हवं."

"बसमध्ये फोनवर गेमच खेळतात ते. आणखी काय पाहिजे? यल्ला, सिल्व्हिया, सुरू कर."

मी सुरू केलं. पहिला अडला तेव्हा वाटलं, याला कळलं नसेल. मग दुसरा अडला, तिसरा अडला. सगळ्यांनी तेच केलं. पुढे गेलेले सैनिक माघारी आणले, म्हाताऱ्याभोवती उभे केले आणि राक्षसांशी लढत राहिले. पुलापलीकडे लेव्हल संपवणारं गेट उघडं होतं, पण एकही त्यातून बाहेर गेला नाही. निखिल खुर्चीत खचत चालला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

टेस्ट संपल्यावर प्रश्न विचारायची परवानगी असते. सावंत गुहागरचे, म्हणून मी मराठीतच विचारलं, "पुढे का नाही गेलात?"

"कसा जाणार मॅडम? आमच्याकडे सायरन वाजला की सगळ्यांनी असेम्ब्ली पॉइंटला जमायचं. मग हेडकाउंट होतो. एक जरी माणूस कमी असला ना, तरी कोणी जाग्यावरून हलत नाही. हा म्हातारा तर डोळ्यासमोर उभा होता."

"खेळ आवडला?"

"खेळायला मिळालाच कुठे? पण तो म्हातारा काही डोक्यातून जायचा नाही."

बासेलला मी हे सगळं सांगायला गेले. त्याने हात वर करून मला थांबवलं. "फिनिश किती जणांनी केलं?"

"एकानेही नाही. पण ते अडले नव्हते, बासेल. त्यांनी नकार दिला. खेळ त्यांच्या मनाला लागलाय."

"अडले आणि नकार दिला, यात इन्व्हेस्टरला काय फरक पडतो? खलास."

निखिलला नोटीस मिळाली. बायकोचं आणि मुलीचं तिकीट रद्द झालं. तरी तो रोज येऊन काम करत बसायचा. मला वाटलं, नवीन नोकरीसाठी काहीतरी करत असेल. शेवटच्या दिवशी त्याने मला टेबलाशी बोलावलं आणि खेळ सुरू केला. तोच पूल, तेच राक्षस. पण आता जादूगार मुलगी पुलाला आग लावते, दोघं सैनिक म्हाताऱ्याला ओढून पलीकडे घेतात आणि सगळे जमल्याशिवाय गेट उघडतच नाही.

"हेडकाउंट," तो म्हणाला.

"बासेलला दाखवलंस?"

"बघायलाच तयार नाही."

संध्याकाळी त्याने कंपनीचा लॅपटॉप परत केला. आयटीवाल्यांनी त्यातलं सगळं पुसून तो दुसऱ्याला दिला. साताऱ्याला परत जाताना पिवळे पडदे निखिल माझ्या घरी देऊन गेला. मी ते लावलेले नाहीत, मला लाववत नाहीत.

काही महिन्यांनी नजमातल्या एका कॅफेटेरियात सावंत भेटले. हातात करक, म्हणजे इथला दुधाळ कडक चहा, बाहेर मेसईदची बस उभी.

"मॅडम, तो खेळ आला का बाजारात?"

"नाही. बंद केला."

"अरेरे." ते जरा घुटमळले. "एक विचारू? तो म्हातारा जातो का पलीकडे? कसाही?"

"जातो," मी म्हटलं. "सगळे जातात."

"तरी मी पोरांना सांगत होतो!" त्यांनी चहा घाईने संपवला आणि बसमधल्यांना सांगायला निघाले.

आता मी एकाच बसमधली माणसं टेस्टला घेत नाही. आणि रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लोक काय म्हणाले ते लिहिते, किती जणांनी खेळ संपवला ते दुसऱ्या ओळीत. बासेल पहिली ओळ सोडून दुसरीपासून वाचतो.