हातात अडकलेले शब्द

किस्से जमवायची मला हौस नाही. पण लकवा होऊन ज्यांची वाचा गेलीय, त्यांना बोलायला शिकवायचं काम केलं की ते आपोआप साचतात, कूलरच्या टाकीत गाळ साचतो तसे. दिवसभर लोकांकडून 'आ' आणि 'ई' म्हणवून घेऊन संध्याकाळी माझाच जबडा दुखतो.

धुळ्यातल्या आमच्या दवाखान्यात एकच हॉल आहे. अर्ध्यात मी, अर्ध्यात फिजिओथेरपीचे बाविस्कर सर. मध्ये पार्टिशन येणार होतं. अजून येतंय.

*

सुरुवातीला आमची रोज भांडणं. तिकडून सर ओरडायचे, "हात वर!" की इकडे माझा पेशंट 'आ' सोडून हात वर करायचा. मी वैतागायचे. मग लक्षात आलं, हात वर जाताना त्याच्या तोंडून आवाजही जरा मोकळा निघतोय. मेंदूत बोलणं आणि हात शेजारी-शेजारी राहतात म्हणे. एकाच्या घरी भांडण झालं की दुसऱ्याची झोप उडते. तेव्हापासून पार्टिशनची आठवण मी कुणाला करून दिली नाही.

*

पाटील मॅडम प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या. कितीतरी दिवस मी विनवत होते, "मॅडम, तोंड उघडा, काहीतरी बोला." ढिम्म. एकदा सरांनी त्यांना दोन्ही हात छातीशी दुमडायचा व्यायाम दिला. हात दुमडले मात्र, मॅडम कडाडल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

अख्खा हॉल चिडीचूप. सरांचंही बोट तोंडावर. मॅडमना बोलतं करायला मी जिवाचा आटापिटा करत होते आणि त्यांचं पहिलं वाक्य हे.

*

कापड दुकानाचे एक शेठ होते. मुलानं महागाचा टॅब आणला, त्यात चित्रं. शेठ चित्रांकडे बघायचे आणि गप्प बसायचे. मी कॉटवरची चादर त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती झटक्यात उलगडली आणि सिस्टरला म्हणाले, "हात लावून पाहा ताई, रंग गेला तर परत आणा."

सिस्टर म्हणाली, "शेठ, चादर आमचीच आहे."

मुलगा आनंदानं रडायला लागला. "पप्पा, पाणी देऊ?" शेठ पुन्हा गप्प. तहान लागली होती, पण सांगता येत नव्हतं. सवयीचं वाक्य हाताबरोबर निसटतं, मनातलं निघत नाही, हे नातेवाईकांना समजावून सांगताना मी फार थकते.

*

घरी गेल्यावर माझ्याकडे शब्द उरत नाहीत. मीठ हवं असेल तर नुसतं बोट दाखवते. नवरा म्हणतो, "पेशंट आणलास का घरी?"

*

आता नाना. एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर, दोंडाईच्याकडचे. सरांनी हातात गोल ताट दिलं, स्टिअरिंगसारखं फिरवायला. नानांनी ते वळवलं आणि वॉकर घेऊन समोरून जाणाऱ्या एका आजोबांना म्हणाले, "ओ भाऊ, मरनं शे का?"

मरायचं आहे का, असं अहिराणीत. सगळे हसले. अक्का, नानांची बायको, हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, लोकेसले शिव्या देतस. माले हाक मारतीन ना ते?"

मग मी तिच्या नावावरच जोर दिला. सुशीला. सु-शी-ला. रोज. नाना घामाघूम व्हायचे, ओठ थरथरायचे, शब्द यायचा नाही. मलाच रडू यायचं बाकी होतं.

शेवटी अक्काच चाचरत म्हणाली, "बाई, त्यास्नी आजलगून मनं नाव लिदंच नही."

इतके दिवस मी त्या माणसाकडून आयुष्यात कधी न उच्चारलेलं नाव म्हणवून घेत होते!

"मग हाक कशी मारायचे?" अक्कानं लाजून पदर तोंडाला लावला.

नानांच्या मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं, रोजची ये-जा आता जमणार नाही. शेवटच्या दिवशी सर नानांना व्हरांड्यात चालवत होते. अक्का माझ्यापाशी बसून औषधं पिशवीत भरत होती. काही जमलं नाही, हे मला तिला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं.

नाना परत आले. हॉलच्या दाराशी थांबले. सरांचा हात झटकला, चौकटीवर दोनदा थाप मारली आणि जाड, पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "शे का घरमा?"

पिशवीला गाठ मारता मारता, वरसुद्धा न बघता अक्का म्हणाली, "शे ना. कोठे जासू मी?"